आधी कोण उठणार?

१५ ऑगस्ट २००९. भारतात सकाळी झेंडावंदन झालं होतं. मी राहतो त्या कुवेतमध्ये, कुवेत शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर असलेल्या जहरात त्या संध्याकाळी एक लग्न होतं. इथल्या रिवाजाप्रमाणे बायका-मुलांसाठी वेगळा तंबू ठोकला होता. त्या तंबूला आग लागली आणि काही मिनिटांत त्याची राख झाली. मृतांचा आकडा वाढत वाढत ५७ वर गेला. मेली ती बायका आणि लेकरं.

नवरदेवाच्या पहिल्या बायकोनं पेट्रोल ओतून आग लावल्याचं न्यायालयानं ग्राह्य धरलं. २०१७ च्या जानेवारीत तिला फाशी झाली. जहराचा विषय निघाला की इथला जुना माणूस दोन गोष्टी सांगतो. एक १९२० च्या लढाईतला लाल किल्ला, दुसरी ही सवत. सवतीची गोष्ट सांगताना एक तपशील मात्र हमखास गळतो. त्या तंबूतून बाहेर पडायला एकच दार होतं.

तो तपशील का गळतो, याचं उत्तर मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही सापडतं. काही वाईट घडलं की आपण ते कुणाच्या तरी स्वभावात शोधतो आणि भोवतालच्या परिस्थितीकडे पाहत नाही. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं, पण चूक जुनीच आहे. एक दुष्ट बाई सापडली की आपलं समाधान होतं. तिचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, हे मला मान्य आहे. पण हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या बक्षीस समारंभात शामियाना पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलंच जास्त. तिथे कुणी सवत नव्हती. वर पेट घेणारं कापड होतं, खाली खच्चून भरलेली माणसं होती आणि बाहेर पडायची वाट अपुरी होती.

दुष्ट माणूस सापडला नाही तर आपण गर्दीला दोष देतो. ‘लोक बिथरले’, ‘चेंगराचेंगरी झाली’. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविक गेले. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर, पावसात, २३ जण गेले. दोन्ही वेळी आपण एकमेकांना हेच सांगितलं की माणसं भानावर नव्हती. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एन्रिको क्वारंटेली यांना मात्र उलट दिसलं. बेभान होऊन एकमेकांना तुडवणारी माणसं फार थोडी असतात. बहुतेक जण शेजाऱ्याला हात देतात, पडलेल्याला उचलतात. घात होतो तो अनेकदा त्याआधी, जेव्हा हलायला वेळ असतो आणि कुणी हलत नाही.

कुणी का हलत नाही, हे न्यूयॉर्कमध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत पाहिलं. त्यांचा शोधनिबंध १९६८ चा. विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झडपेतून खोलीत धूर सोडला. खोलीत एकटं बसवलेल्यांपैकी दर चौघांतल्या तिघांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. तिघांना एकत्र बसवलं तेव्हा असे आठ गट झाले, म्हणजे चोवीस माणसं, आणि त्यांतून सांगायला उठले फक्त तिघे. जिथे तिघांपैकी दोघांना ‘काही झालं तरी गप्प बसा’ म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, तिथे उरलेल्या दहांपैकी एकच उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हातानं धूर बाजूला सारत कागद भरत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं वाफ असेल.

त्या मुलांची कीव करण्यासारखं काही नाही. आपलंही तसंच होतं. लग्नाच्या हॉलमध्ये जळका वास येतो, आपण शेजारच्याकडे पाहतो. तो निवांत दिसतो, कारण तोही आपल्याकडे पाहूनच निवांत असतो. दोघांच्या मनात शंका, दोघांच्या तोंडावर शांतपणा. असा अख्खा हॉल एकमेकांच्या चेहऱ्यावरून आपली खात्री करून घेतो आणि पंगत चालू राहते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९७३ च्या ऑगस्टमध्ये समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून पन्नास माणसं गेली. जोनाथन साइम या संशोधकानं वाचलेल्यांच्या जबान्या तपासल्या. माणसं जवळच्या दाराकडे धावली नव्हती. ती आधी आपल्या माणसांकडे गेली आणि मग ओळखीच्या वाटेनं, म्हणजे आत आली त्याच वाटेनं, बाहेर पडायला निघाली. जहराच्या तंबूतल्या कुठल्याच आईबद्दल हे मला सांगावं लागत नाही. जिचं मूल चार रांगा पलीकडे खेळतंय, ती दाराकडे नाही, मुलाकडेच जाणार. आपण याला घबराट म्हणतो. हे आईपण आहे, आणि मांडव घालणाऱ्यानं ते धरूनच दारं ठेवली पाहिजेत.

आता माझी चूक सांगतो. २०२४ च्या जानेवारीत इथेच कुवेतमध्ये मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. भाड्याचा हॉल, दीड-दोनशे माणसं, बायका जास्त. मागच्या दाराला एकावर एक खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांना टेकून वाणाची खोकी. माझ्या ते लक्षात आलं. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीच्याही आलं. तिनं आईला विचारलं, “आई, हे दार उघडतं का?” आई म्हणाली, “आगाऊपणा करू नकोस, काकांनी बघितलं असेल.” ते काका म्हणजे मीच, खुर्च्यांना टेकून उभा होतो. मी हसलो आणि गप्प बसलो. कार्यक्रम नीट पार पडला, काही झालं नाही.

सहा महिने व्हायच्या आत, १२ जूनला, मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. गच्चीचं दार बंद होतं, असं बातम्यांत आलं. ते वाचलं तेव्हा मला त्या खुर्च्या आठवल्या, आणि तिच्या आईचं वाक्यही.

आगाऊ. हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. वेळेआधी भरलेले पैसे आगाऊ, आणि वेळेआधी तोंड उघडणारं मूलही आगाऊ. पैशांच्या बाबतीत तो शहाणपणा, मुलाच्या बाबतीत वळण नसल्याची खूण. मोठ्यांच्यात बोलू नये, विचारल्याशिवाय सांगू नये, चार लोक बसलेत ना मग तूही बस. मुलींना तर हे दुप्पट ऐकावं लागतं. शाळेत पाठ केलेलं विसरतं, पण ही शिकवण विसरत नाही, कारण ती रोज दटावून आणि गप्प बसल्याबद्दल कौतुक करून घोटलेली असते. मग धुरात बसलेलं मूल शेजाऱ्याकडे पाहत राहिलं, तर ते आपणच शिकवलेलं करत असतं.

हीच अनुकरणाची सवय तारतेसुद्धा. जपानमधल्या कामाइशी शहरात तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक शाळांतून मुलांना त्सुनामीपासून वाचायला शिकवत होते: नकाशातल्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, जमेल तितकं करा, आणि सगळ्यांच्या आधी पळायला लाजू नका. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला. उनोसुमाई भागातल्या मोठ्या शाळेची मुलं उंचाकडे पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली पोरं तिसऱ्या मजल्यावर चढून थांबली होती. मोठी मुलं पळताना दिसली तशी तीही उतरली आणि त्यांच्यामागे निघाली. त्सुनामीनं दोन्ही शाळा गिळल्या, पण ती मुलं तोवर वर पोचली होती. न्यूयॉर्कच्या खोलीत माणसं एकमेकांना पाहून बसून राहिली, इथे मुलं एकमेकांना पाहून पळाली. फरक एवढाच की इथे आधी उठणारे होते, आणि त्यांना ते कुणीतरी शिकवलं होतं.

आपल्याला ते का शिकवता येऊ नये? आरतीच्या आधी, मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून दोन वाक्यं सांगायला अर्धं मिनिट लागतं: बाहेर जायची दारं इतकी, ती इथे आणि इथे. मुलं खेळतात ती जागा दाराजवळ ठेवता येते. केटररला सांगता येतं की शेगड्या आणि सिलिंडर वाटेत नकोत. मागच्या दाराच्या खुर्च्या चौघांनी हलवल्या तर दहा मिनिटांचं काम आहे. मुहूर्ताच्या वेळी अशुभ बोलू नये म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की दार दाखवण्यात अशुभ काय आहे. आणि वर्षातून एकदा मुलांकडून प्रत्यक्ष सराव करून घ्यावा. सांगितलेलं डोक्यात राहतं, केलेलं पायांत राहतं, आणि धुरात पायच उपयोगी पडतात.

त्या मुलीला मी अजून सांगितलेलं नाही की तिचा प्रश्न बरोबर होता. दिवाळीच्या मेळाव्याला ती येईल. तेव्हा आधी तेच सांगणार आहे, तिच्या आईच्या देखत.