शेवटचा दिवस कोणाचा?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९

निंदा-स्तुती सारखी मानणारा, कमी बोलणारा, मिळेल त्यात समाधानी, अशी भक्ताची लक्षणं सांगता सांगता भगवंत या श्लोकात एक शब्द वापरतात : अनिकेत. ज्याला घर नाही तो. आणि लगेच पुढे, स्थिरमति. घर नाही, पण बुद्धी ठिकाणावर आहे. आपलं बहुतेकांचं नेमकं उलटं. घर पक्कं, मन भटकतंय.

हे कळतं ते सुट्टीतल्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी. उद्या पुढच्या गावाला निघायचं असतं. मग काहीजण राहिलेलं सगळं त्या एका दिवसात उरकायला धावतात, आणि काहीजण सकाळपासूनच निघून गेलेले असतात. अंगाने इथे, मनाने उद्याच्या गाडीत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वर्ध्याला मावशीकडे चार दिवस होतो, पुढे रामटेकला जायचं होतं. सेवाग्राम पाहून झालं होतं. पवनार राहिलं होतं, गोपुरीतली शिळांवर कोरलेली गीताई राहिली होती, आणि मुलाला काहीही करून बोरच्या जंगलात वाघ पाहायचा होता. शिवाय गोरसपाक घ्यायचा. (तो घेतल्याशिवाय वर्धा सोडत नाहीत, पाहुण्यांनी तरी!) मावशी ब्याऐंशी वर्षांची. "जा न, पाहून या. मी काय, घरीच आहे," म्हणाली. आणि तासाभरात तीनदा विचारलं, "उद्या किती वाजता निघणार?"

आता सांगा, हा दिवस कोणाचा? पैसे खर्चून, रजा काढून आलेल्या प्रवाशाचा, की मागे राहणार त्याचा?

कुणी म्हणेल, तुम्हीच ना गीता वाचता? गुंतू नये. पाहुणा आला, गेला. मावशीनेही गुंतू नये. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण मला यात चलाखी दिसते. आपल्याला जायचंच असतं, तेव्हा अनासक्ती फार लवकर आठवते. वाघ बघायच्या वेळी का नाही आठवत? ज्याला घर नाही त्याला कुणाची काळजीही नाही, असं श्लोक कुठे म्हणतो? याच अध्यायात आधी, तेराव्या श्लोकात, मैत्री आणि करुणा ही लक्षणं सांगून झाली आहेत.

'अनिकेत' म्हणजे काय हे पाहायचं तर विनोबांकडे पाहावं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली, आणि मग १९६४ पर्यंत पदयात्रा चालली. पहाटे निघायचं, सकाळी पुढचं गाव. बहुतेक गावांत मुक्काम एका दिवसाचा. म्हणजे त्या गावातला पहिला दिवस तोच आणि शेवटचाही तोच. तेरा वर्षं हा माणूस रोज कुठून तरी निघत होता. पण निघायचं आहे म्हणून गावाला अर्धा दिवस दिला, असं नाही. लोकांना भेटणं, ऐकणं, जमीन मागणं, प्रार्थना, सगळं त्या गावाच्या वाट्याचं त्या गावाला. पुढच्या गावाची चिंता पुढच्या पहाटे.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं की बापलेक बोरला जातील, मी थांबेन. थांबून विशेष काय घडलं? मेथी निवडली. मावशी दुपारी दोन तास गाढ झोपली. तेवढ्यात पवनार सहज झालं असतं, हा विचार मला चार वेळा तरी आला. जुन्या फोटोंचा अल्बम काढला, तर निम्म्या लोकांची नावं दोघींनाही आठवेनात. उगाच थांबणारा भक्त आणि जाणारा आसक्त असा हिशेब मात्र मांडू नका. मुलाने जंगलात जाणं यात काही पाप नाही. वाघ दिसला नाही, हरणं दिसली, तरी आल्यावर तो मावशीच्या पलंगावर बसून तासभर तेच सांगत होता. तिने सगळं ऐकलं. त्यानंतर गाडीची वेळ काही विचारली नाही.

'प्रत्येक दिवस शेवटचा समजून जगा' असे मेसेज रोज येतात. मला ते पटत नाहीत. शेवटचा समजलं की माणूस ओरबाडायला लागतो. आणि खरा शेवटचा दिवस बहुतेक वेळा कळतही नाही. गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्रामहून दिल्लीला निघाले. तेव्हा तो इथला शेवटचा दिवस म्हणून कोण जगलं असेल? नेहमीसारखी प्रार्थना, नेहमीसारखी कामं झाली असतील. फेब्रुवारी १९४८ मध्ये परत यायचं ठरत होतं. त्या फेब्रुवारीत, १२ तारखेला, पवनारला धाम नदीत त्यांच्या अस्थी सोडल्या गेल्या. बापूकुटीत आजही त्यांची बैठक तशीच मांडलेली आहे.

उद्या विसावा श्लोक घेऊ. बाराव्या अध्यायातला तो शेवटचा.

राम कृष्ण हरी.