झांकलेला दोष

जो दोष आपणांस कळलाच नाहीं, त्याबद्दल मनुष्य कितपत जबाबदार आहे, हा प्रश्न फार जुना आहे. पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें: जें ठाऊकच नव्हतें, त्याचा बोल आमच्यावर कां? हें उत्तर वरवर न्यायाचें दिसतें. परंतु एका जुन्या जीपगाडीच्या इंजिनानें आम्हांस त्याचा पुन्हा विचार करावयास लाविलें. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवितों.

ही गाडी नगराहून पाथर्डी, शेवगांव, नेवासें ह्या भागांत पुष्कळ वर्षें फिरली. मीटरावर तीन लाख किलोमीटरांहून अधिक आंकडा होता. धूर निळसर येऊं लागला, म्हणजे इंजिनांतील ऑईल जळूं लागलें. चढावर जोर पुरेना. शेवटीं ती विकण्याचें ठरलें. पाथर्डीकडील एका गृहस्थांनीं इसार दिला. शाळेचीं मुलें व बाजारकरू ह्यांची ने-आण करण्यासाठीं त्यांस ती हवी होती. इंजिन नीट बांधून देऊं, असा शब्द आम्हीं दिला. रिंगा बदलाव्या, व्हॉल्व घासून बसवावे, एवढेंच काम निघेल असा आमचा अंदाज होता.

मिस्त्रींनीं हेड उतरविलें, खालचें चेंबर काढिलें. सिलिंडरच्या वरच्या कडेशीं नख अडकेल एवढी पायरी पडली होती. आमच्या भागांतील धूळ रिंगांबरोबर वर्षानुवर्षें घासत राहिली, तिचें तें काम. पाण्याच्या वाटांत विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला होता. हें सर्व वयाचें दुखणें. बोअरिंग करून व नवे पिस्टन घालून बरें होण्याजोगें. मग क्रँक निघाला. एका बेअरिंगच्या शेलावरील पांढरा धातु झिजून खालचें तांबें उघडें पडलें होतें. मिस्त्रींनीं क्रँक रॉकेलनें धुतला, कोरडा पुसला, आणि त्यावर खडूची बारीक पूड फांसली. थोड्या वेळानें त्या पांढऱ्या पुडींत केसासारखी एक काळी रेघ उमटली. भेगेंत शिरलेलें रॉकेल बाहेर आलें व त्यानें तिची जागा दाखविली.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, हा घासून पॉलिश केला तर गाडी चालेल. सहा महिने चालेल, कदाचित् दोन वर्षें. पण कधीं तुटेल तें सांगतां यायचें नाहीं. काय करूं?"

दुसरा क्रँक घ्यावा, तर इसाराहून अधिक पैसे जात होते. मनानें तत्काळ वकिली सुरू केली. भेग आम्हीं पाडिली नाहीं. गिऱ्हाइकानें क्रँकविषयीं विचारलें नाहीं. इंजिन उघडलेंच नसतें, तर हें कोणालाच कळलें नसतें, आणि ही विक्री निर्दोषच ठरली असती. मग उघडून पाहिल्याची शिक्षा कां भोगावी?

ह्या शेवटच्या युक्तिवादांत कांहीं बळ आहे. १५ डिसेंबर १९६७ रोजीं अमेरिकेंत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज नांवाचा पूल गर्दीच्या वेळीं कोसळला, व ४६ माणसें मरण पावलीं. चौकशींत निघालें कीं, पूल तोलून धरणाऱ्या एका पोलादी पट्टीच्या टोकाशीं सुमारें अडीच मिलिमीटर खोल भेग होती, आणि सांधा खोलल्यावांचून ती दिसणें शक्य नव्हतें. अशा ठिकाणीं, ज्यांस ती दिसली नाहीं त्यांस लबाड कोण म्हणेल? परंतु पुढल्याच वर्षीं तेथें पुलांच्या तपासणीसाठीं कायदा झाला. कालचें अज्ञान क्षम्य होतें. तेंच आज बेपर्वाई ठरूं लागलें. आमची भेग तर डोळ्यांनीं दिसली होती. कळल्यानंतर न कळल्याच्या निर्दोषपणाकडे परत जाण्यास वाट नाहीं. क्रँक तोच, भेग तीच. बदललों ते आम्ही.

इतक्यांत मिस्त्रींनीं विचारलें, "ऑईलचा लाल दिवा मागें कधीं लागला होता काय?" तेव्हां आठवलें. दोन वर्षांपूर्वीं करंजी घाट चढतांना तो लागला होता. सभेस उशीर होत होता, म्हणून गाडी न थांबवितां आम्हीं तशीच हांकली. पुढें खालून ठोका ऐकूं येऊं लागला, तेव्हां जाड ऑईल घालून तो दबविला. म्हणजे आम्हांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. आम्हीं ठाऊक करून घेतलें नाहीं. पुष्कळ गुप्त दोष असेच वाढतात. वर्गणीच्या वहींत पांच रुपयांचा मेळ बसत नाहीं. दोघां भावांत पहिला अबोला पडतो. सावकाराचा पहिला हप्ता चुकतो. तो लाल दिवाच असतो. आपण त्यावर जाड ऑईल ओततों, आणि मग इंजिन तुटल्यावर "आम्हांस काय ठाऊक?" असें म्हणतों.

त्या गृहस्थांस बोलावून आम्हीं भेग दाखविली. दिव्याची गोष्टहि सांगितली. त्यांचा विश्वास उडाला. त्यांनीं इसार परत मागितला, तो दिला. त्यांनीं दुसरीकडून एक जुनी गाडी घेतली. तिचें इंजिन कोणीं उघडून पाहिलें नाहीं असें ऐकतों. तें एकदां आमच्या मिस्त्रींकडून तपासून घ्यावें, खर्च आम्ही देऊं, असा निरोप धाडिला आहे. उत्तर आलेलें नाहीं. आमची जीप नवा क्रँक घालून दारांत उभी आहे. खरें बोलल्यानें लाभ झाला असें आम्हांस लिहितां येत नाहीं. लाभ होईल म्हणून जो खरें बोलतो, तो पहिल्या तोट्यालाच गप्प बसेल.

स्तोत्रकर्त्यानें आपल्या गुप्त दोषांपासून शुद्ध होण्याची प्रार्थना केली आहे. ती प्रार्थना आपणहि करितों. पण ती करणारानें इंजिन उघडूं देण्याची तयारी ठेविली पाहिजे. तरी वाचकहो, लाल दिवा लागला म्हणजे, सभेस उशीर झाला तरी, गाडी थांबवा.