तारखेवाचून काही अडत नाही



आपला मृत्यू कधी, हे आधी कळावं असं आपल्याला वाटतं का? भागवतातल्या राजा खट्वांगानं देवांना हे स्वतःहून विचारलं. उत्तर आलं, एक मुहूर्त. म्हणजे अवघी ४८ मिनिटं. तेवढ्या वेळात त्यानं सगळा पसारा सोडून मन ईश्वराकडे लावलं. शुकमुनींनी मरणाच्या दारात उभ्या असलेल्या राजा परीक्षिताला ही गोष्ट सांगितली, कारण त्याच्यापाशी तर अजून सात दिवस होते.

आज विज्ञानही काही घरांपुढे असाच प्रश्न ठेवतं. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. आजार पुढे होणार का, हे आता रक्त तपासून कळतं. पण तो बरा करणारं औषध अजून नाही. म्हणूनच आईला किंवा वडिलांना तो आजार असलेली अनेक माणसं ही तपासणी करून घेत नाहीत. त्यांना भित्रं म्हणू नये. न कळण्याचाही माणसाला हक्क आहे.

मला विचाराल, तर मलाही तारीख नको. पण ती आहे, याचा विसर पडू नये. मृत्युपत्र लिहायचं राहिलंय, बँकेच्या खात्याला नॉमिनी लावायचाय, रुसलेल्या भावाशी बोलायचंय. यातलं काहीही तारखेवाचून अडलेलं नाही. एक काम आजच उरकूया.