शनवारचा घाणा आणि क्रिकेटचा लिलाव

क्रिकेटचा विषय निघाला की हल्ली आपल्या मंडळींत दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात, वीस षटकांचा हा खेळ म्हणजे निव्वळ तमाशा. खेळाडूंचा लिलाव काय, चौकारागणिक नाचगाणे काय! नातवंडे म्हणतात, आजोबा, पाच दिवस सामना बघायला वेळ कोणाला आहे? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. आमच्या मते प्रश्न निराळा विचारला पाहिजे. खेळात पैसा यावा की न यावा, हा तो प्रश्न नव्हे. पैसा आल्यावर कोणती गोष्ट विकायची नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईची पंचरंगी स्पर्धा आपल्या वडिलांच्या पिढीला प्राणाहून प्रिय होती. तेथे लिलाव नव्हता, पण संघ धर्मावरून पडत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि 1937 पासून पाचवा संघ ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेले. त्या उरलेल्यांत ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि आपण यहुदी. त्याच संघाकडून 1943 मध्ये सांगलीच्या विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने केल्या. पराक्रम केवढा! पण नाव मात्र ‘उरलेले’. गांधीजींनी 1940 मध्ये या स्पर्धेला विरोध केला होता. 1946 मध्ये ती कायमची बंद झाली. तेव्हा जुना खेळ सोवळा होता, असे निदान आपण तरी म्हणू नये.

आता लिलाव पाहू. फेब्रुवारी 2008 मध्ये मुंबईत पहिला लिलाव झाला आणि धोनीला 15 लाख डॉलर मिळाले. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला ऋषभ पंतची बोली 27 कोटी रुपयांवर गेली. ‘माणसे विकतात’ म्हणून पुष्कळांना चीड येते. पण योसेफाला भावांनी वीस नाण्यांना विकले, तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते आणि पैसे भावांच्या खिशात गेले. येथे खेळाडू आपण होऊन नाव देतो आणि मोबदला त्यालाच मिळतो. आपण कोणत्या संघात जाणार हे त्याच्या हाती नसते, एवढे उणे खरे. उलट हैदराबादच्या एका रिक्षावाल्याचा मुलगा महंमद सिराज याला 2017 मध्ये 2 कोटी 60 लाख रुपये मिळाले. त्याची जातपात कोणी विचारली नाही. हा लहान गुण नव्हे.

परंतु बाजार काहीच विचारत नाही, असेही नाही. 2010 च्या लिलावात पाकिस्तानचे अकरा खेळाडू होते. एकाही मालकाने एकावरही बोली लावली नाही. पंचरंगीत धर्म विचारीत, येथे पासपोर्ट विचारतात.

या ठिकाणी आम्हांला ओमानची आठवण होते. तो देश काही क्रिकेटचे माहेरघर नव्हे. भारत-पाकिस्तानातून पोटासाठी गेलेल्या लोकांनी तेथे बॅट नेली, जशी आपल्या मंडळींनी बेअर शेवा, अशदोद, दिमोना येथे आणली. दिवसा कंपनीत नोकरी आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. मूळच्या कच्छच्या खिमजी घराण्यातील कनकसी खिमजी यांनी 1979 पासून त्याची संघटना बांधली आणि 2021 मध्ये निवर्तेपर्यंत ती सांभाळली. म्हणजे येथेही व्यापाऱ्याचाच पैसा! मात्र तो चाळीस वर्षे धीर धरणारा पैसा होता.

त्याचे फळ 17 ऑक्टोबर 2021 रोजी दिसले. मस्कतजवळच्या अल अमरात येथे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीतल्या मैदानावर, वीस षटकांच्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला. पापुआ न्यू गिनीला 129 धावांवर रोखून ओमानने एकही गडी न गमावता सामना जिंकला. कप्तान झीशान मकसूद पाकिस्तानात जन्मलेला. नाबाद राहिलेल्या दोघांत जतिंदर सिंग लुधियानाचा, तर आकिब इलियास सियालकोटचा. लिलावाच्या बाजारात ज्यांची जोडी जमत नाही, ते दोघे तेथे एकमेकांच्या हाकेवर धावत होते. आणि हे लक्षात घ्या की तो सामनाही वीस षटकांचाच होता. तेव्हा दोष षटकांचा नव्हे.

पुढे जानेवारी 2022 मध्ये त्याच मैदानावर निवृत्त खेळाडूंची लीग भरली. इंडिया महाराजा, एशिया लायन्स, वर्ल्ड जायंट्स असे तीन संघ होते. जुने चेहरे पाहून आम्हांलाही आनंद झाला. हिंदी आणि पाकिस्तानी खेळाडू समोरासमोर खेळले, हेही चांगलेच. पण तिन्हींत ओमानचा म्हणावा असा संघ नव्हता. मांडव ओमानचा, वऱ्हाड बाहेरचे. लीग येते, दिवे लावते, निघून जाते. मागे काय ठेवून गेली, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आपले पूर्वज कोकणात तेल गाळीत आणि विकीत. त्यांना पैशाची लाज नव्हती. गिऱ्हाईक आले की ते माप भरून तेल देत. पण शब्बाथच्या दिवशी घाणा बंद. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्या दिवशी बैल सुटलेलेच. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले ते सहा दिवस तेल विकल्याबद्दल नव्हे, एक दिवस न विकल्याबद्दल. आजच्या लीगमध्ये मध्येच अडीच मिनिटांची विश्रांती असते. तीही जाहिरातदाराला विकलेली असते. जेथे विसावाही विकला जातो, तेथे एक दिवस खेळही विकला जाईल, ही भीती अनाठायी नव्हती. 2013 मध्ये निकालबाजीचे आणि सट्ट्याचे प्रकरण उघडकीस आले आणि पुढे चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षे बाहेर राहिले.

आपल्यातलेच एक पंच होते, ज्यूडा रूबेन. 1969 ते 1977 या काळात त्यांनी दहा कसोट्यांत काम पाहिले. जानेवारी 1977 मध्ये मद्रासला इंग्लंडच्या गोलंदाजाची व्हॅसलिन लावलेली पट्टी त्यांच्या हाती लागली. हेतू फसवणुकीचा होता असे सिद्ध झाले नाही, परंतु समोर पाहुणा बलाढ्य संघ असतानाही त्यांनी ती गोष्ट दडवली नाही. पंचाचे डोळे हा त्या दिवशीचा बंद घाणा होता.

म्हणून नातवंडांनी लीग जरूर पाहावी, आम्हीही पाहतो. फक्त सामना संपल्यावर एकदा विचारावे, आज यातले काय विकले गेले नाही? उत्तर सापडले, तर तो खेळ अजून आपला आहे.