पाखाडी

घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या अंगाला असलेल्या डोंगरावर माझ्या आईचं घर आहे. रस्ता सोडला की 132 पायऱ्या. शाळेत जाता-येता मोजलेल्या. पुढे काही मोडल्या, काही नव्याने बांधल्या, पण आकडा डोक्यात तोच राहिला. वडील माणगावकडचे. ते या पायऱ्यांना शेवटपर्यंत पाखाडी म्हणत. कोकणात जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. इथे जांभा नाही, काळा दगड आणि सिमेंट आहे, पण वाट चढती आणि पायऱ्यांची असली की वडिलांच्या लेखी ती पाखाडीच. शेजारच्या चाची तिला सीढी म्हणायच्या. दोन घरं वर राहणाऱ्या, तिरुनेलवेलीकडून आलेल्या अक्का पडि म्हणायच्या. आम्ही मुलं तिन्ही शब्द वापरायचो. कुणाच्या दारात उभे आहोत त्यावर शब्द ठरायचा.

मुंबईला समुद्राचं शहर म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. पण नावं नीट वाचली तर हे डोंगरांचंही शहर आहे. डोंगरी, मलबार हिल, पाली हिल, अँटॉप हिल, अंधेरीचा काळाभोर गिल्बर्ट हिल. डोंगर एकाच शहरातले, पण उंचीचे अर्थ दोन. मलबार हिलवर जितकं वर जावं तितका जागेचा भाव चढतो. आमच्या डोंगरावर प्रत्येक वीसेक पायऱ्यांमागे भाडं उतरतं. तिकडे वर गेलं की समुद्र दिसतो. इकडेही वरून रात्री अर्धी मुंबई दिव्यांनी भरलेली दिसते, पण त्या दृश्याची किंमत कुणी धरत नाही, कारण दिवे बघायला वर येणाऱ्याला हंडा घेऊनच वर यावं लागतं.

विविधता मलबार हिललाही आहे. तिथे वाळकेश्वराचं देऊळ आणि बाणगंगा आहे, पारशांची डुंगरवाडी आहे, 1904 चं जैन मंदिर आहे, राज्यपालांचं निवासस्थान आहे. एका टेकडीवर इतकं सारं नांदतं हे खरंच. पण प्रत्येकाला स्वतःचं कुंपण आहे, स्वतःचं फाटक आहे आणि फाटकापर्यंत गाडी जाते. शेजाऱ्याला न भेटता तिथे आयुष्य काढता येतं. आमच्या डोंगरावर ते शक्य नाही. माझ्या घराचा पत्रा जिथे संपतो तिथे वरच्या घराचा उंबरा सुरू होतो. आईचं वाळवण चाचींच्या छपरावर असायचं, कारण ते छप्पर आमच्या अंगणाच्या पातळीला होतं. चाचींना ते नको असतं तरी ऊन दुसरीकडे कुठे पडतच नव्हतं.

मला जे सांगायचं आहे ते याच्याशी निगडित आहे. मिश्र वस्तीबद्दल बोलताना आपण लगेच माणसांच्या मनांकडे जातो; सहिष्णुता, संस्कार, उदारता असले शब्द वापरतो. मी ज्या वस्तीत वाढले तिथली माणसं इतरांपेक्षा उदार नव्हती. त्यांना एकच वाट होती. एका वाटेने माणसांकडून काय काय करून घेतलं, ते मी पाहिलं आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ आली म्हणून त्यांचे पूर्वग्रह जात नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी चार गोष्टी लागतात : दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांचा हात लागायला हवा आणि या सगळ्याला कायद्याचा, अधिकाऱ्यांचा, समाजातल्या वडीलधाऱ्यांचा पाठिंबा हवा. हे मी वाचलं तेव्हा मला आमचा नळ आठवला.

मुंबईचं बहुतेक पाणी दूरच्या तलावांतून येतं, त्यातलं पुष्कळसं भांडुपला शुद्ध होतं आणि शहरातल्या टेकड्यांवरच्या जलाशयांत साठतं. उंचावर साठवलं की ते आपल्या भाराने खाली जातं. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली असा जलाशय आहे, माझगावला भंडारवाड्याच्या टेकडीवर आहे, आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरही आहे. पाण्याला डोंगर लागतो, पण डोंगरावर राहणाऱ्याला पाणी खालून वर न्यावं लागतं. आमचा नळ चाळिसाव्या पायरीवर होता. पहाटे साडेचारला पाणी यायचं, सव्वासहाला जायचं. त्या पावणेदोन तासांत डोंगरावर समान दर्जा होता. रांगेत हंडा कुणाचा, हे बघून पाणी येत नव्हतं. वरच्या टोकाच्या घरांना मोटार आणि पाइप परवडायचा नाही म्हणून सहा घरांनी मिळून एक मोटार घेतली. त्यात एक घर साताऱ्याचं, दोन आझमगडची, एक अक्कांचं, एक आमचं आणि एक बौद्ध कुटुंबाचं. मोटारीच्या विजेचा हिशेब लिहायला वही होती. माझं अक्षर बरं म्हणून ती माझ्याकडे आली. ऑलपोर्टच्या पहिल्या तीन अटी त्या वहीत होत्या.

पण हेही लिहायला हवं की मोटार यायच्या आधीची दोन वर्षं माझ्या आईने त्या बौद्ध घराच्या हंड्याला हात लावला नव्हता. रांगेत त्यांचा हंडा पुढे सरकवायची वेळ आली की ती पायाने सरकवायची. हे तिनेच मला, मी नोकरीला लागल्यावर, एका रात्री सांगितलं. सांगताना ती रडली नाही, सारवासारवही केली नाही. ‘‘तेव्हा तसंच शिकून आले होते,’’ एवढंच म्हणाली. मग आईच्या आजारपणात त्याच घरातल्या ताईंनी तीन आठवडे आमचं पाणी भरलं. हंडे आमचेच, खांदा त्यांचा. आईचा हात त्यानंतर सुटला. ‘मनपरिवर्तन’ हा शब्द मला इथे मोठा वाटतो. तिच्यापुढे दुसरा पर्यायच उरला नाही, आणि तो उरला नाही हे तिच्या हिताचं झालं.

भांडणं तर रोजची. पण त्यांची रेघ वेगळ्या ठिकाणी होती. वरच्याच्या मोरीचं सांडपाणी खालच्याच्या भिंतीत मुरतं. खालच्याने माळा चढवला की वरच्याची हवा बंद होते. त्यामुळे आमच्याकडे दोन जमाती होत्या, वरचे आणि खालचे. सातारकर काका आणि त्यांच्या डोक्यावर राहणारे त्यांचेच गाववाले यांचं गटारीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि तेच काका खालच्या आझमगडवाल्या मामूंच्या बाजूने वरच्यांशी भांडायचे. गणपतीची मूर्ती केवढी आणायची हे पंचाऐंशीव्या पायरीजवळचं वळण ठरवायचं; तिथे वाट इतकी अरुंद होती की मूर्ती आडवी करता येत नाही आणि उभी मावत नाही. त्या वळणावर ज्यांचं दार होतं ते मामू दरवर्षी दाराचा पत्रा उचकटून ठेवायचे आणि विसर्जनानंतर परत ठोकायचे.

सगळ्यात जास्त आठवते ती खुर्ची. डोंगरावर रुग्णवाहिका येत नाही. स्ट्रेचर वळणांवर फिरत नाही. म्हणून आजारी माणसाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने किंवा साडीने बांधून खाली न्यायचं. चार माणसं लागतात. दोन पुढे, दोन मागे. पुढची दोघं उलट्या पावलांनी उतरतात, म्हणून ती वाट माहीत असलेलीच हवीत. पाचवा माणूस पुढे पळत वाटेतल्या बादल्या, सायकली, झोपलेली माणसं हलवतो. 2009 च्या पावसाळ्यात वडिलांना छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी फक्त दार उघडून ओरडले. कुणाला हाक मारली ते मला आजही आठवत नाही. बहुधा कुणालाच नाही. मामूंची दोन मुलं, अक्कांचा नातू आणि वरच्या घरात भाड्याने राहणारा एक नेपाळी मुलगा आले. त्या मुलाचं नाव मला माहीत नव्हतं, तो येऊन चारच महिने झाले होते. त्याने मागची उजवी बाजू धरली आणि पूर्ण उतारभर पायरी आली की वडिलांना ‘‘बाबा, झटका’’ असं आधी सांगत राहिला. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले.

हार्वर्डचे रॉबर्ट पुटनम यांचा 2007 मधला एक निबंध गाजला. अमेरिकेतल्या मिश्र वस्त्यांत माणसं एकमेकांवर, अगदी आपल्याच गटातल्यांवरही कमी भरवसा ठेवतात आणि कासवासारखी अंग आत ओढून घेतात, असा त्यांचा निष्कर्ष. निदान नजीकच्या काळापुरता. तो खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण भरवसा हा प्रश्न विचारून मोजायचा असेल तर आमच्या वस्तीतही उत्तरं निराशाजनकच आली असती. माझ्या आईला कुणी विचारलं असतं, ‘‘या लोकांवर तुमचा विश्वास आहे का?’’, तर ती नाही म्हणाली असती. आणि घराची किल्ली चाचींकडे ठेवून गावाला गेली असती. ती दरवर्षी जायची.

या सगळ्याचं गोड चित्र काढायचं नाही, कारण मी 1993 च्या जानेवारीतली दंगल पाहिली आहे. तेव्हा पायऱ्या काही वाचवू शकल्या नाहीत. बाहेरून माणसं आली तशी आतूनही माणसं बाहेर पडली, आणि कोण बाहेर पडलं ते आम्हाला ठाऊक आहे. मुंबईतल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांनी त्यानंतर मुंब्र्याची वाट धरली. आमच्या गल्लीतली दोन घरंही गेली. आईने एका घराची शिलाई मशीन सात महिने आपल्या पोटमाळ्यावर सांभाळली आणि मग वडिलांनी ती टेम्पोने पोचवली. मशीन पोचली, कुटुंब परत आलं नाही. ऑलपोर्टची चौथी अट, कायद्याच्या आणि अधिकाऱ्यांच्या पाठिंब्याची, ती याचसाठी तर आहे. खालून माणसं कितीही बांधली गेली तरी वरून हात सुटला तर वीण उसवते.

वरून हात किती सुटलेला आहे ते पावसाळ्यात कळतं. 12 जुलै 2000 ला घाटकोपरच्या आझादनगरमध्ये दरड कोसळली. 60 हून अधिक माणसं गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी आमच्या डोंगराच्या साकीनाक्याकडच्या अंगाला घरंच्या घरं गाडली गेली. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरचा वाशीनाका आणि विक्रोळीचं सूर्यनगर मिळून 25 हून अधिक बळी. डोंगराचा काळा दगड पक्का असतो, पण त्यावरचा मुरूम आणि माती पाणी पिऊन जड होते. संरक्षक भिंत बांधली तरी त्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवावी लागतात आणि ती दरवर्षी साफ करावी लागतात. नाहीतर भिंतच पाण्याचा भार घेऊन अंगावर येते. आमच्याकडच्या भिंतीतली बहुतेक भोकं बुजलेली आहेत. त्याबद्दल अर्ज करून आम्हाला पोच मिळाली. माणूस आला नाही.

2017 अखेरीला आणि 2018 च्या सुरुवातीला असल्फ्याच्या भिंती रंगवल्या गेल्या. शेकडो स्वयंसेवक आले, मेट्रोतून जाणारे लोक खिडकीशी येऊन फोटो काढू लागले, इटलीतल्या पोझितानोची उपमा दिली गेली. मला ते आवडलं. पत्ता सांगताना ‘डोंगरावर’ हा शब्द गिळणारी मुलं त्या वर्षी तो मोठ्याने सांगू लागली, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण रंग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागतो. पाणी आतून येतं.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत थोडं तरी घडलं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारलं जात होतं, ते या निकालाने हललं. नळ डोंगरावर चढायला पुढे बरीच वर्षं गेली, तरी चौथी अट पुरी होऊ शकते याचा हा दाखला.

आता वस्तीत पुनर्विकासाच्या सभा सुरू झाल्या आहेत. आईचे गुडघे गेले आहेत. तिला लिफ्ट हवी आहे, घरातला नळ आणि घरातला संडास हवा आहे. तो तिचा हक्क आहे आणि पायऱ्यांवरच्या माझ्या प्रेमापोटी मी त्याच्या आड येणार नाही. कष्टाच्या वाटेचं कौतुक ज्यांना ती चढावी लागत नाही त्यांनी करू नये. मला दुसरीच भीती वाटते. झोपडपट्टी पुनर्वसनात घरं सोडतीने दिली जातात. चिठ्ठी निघेल तो मजला, चिठ्ठी निघेल तो दरवाजा. चाळीस वर्षं एका वळणावर राहिलेली घरं तेवीस मजल्यांवर विखुरतात. इमारतीत सगळेच असतात, मराठी, हिंदी, तमिळ, हिंदू, मुसलमान, बौद्ध, पण रात्री दोन वाजता नुसतं दार उघडून ओरडलं तर ऐकू जाईल अशा अंतरावर ओळखीचं कुणी नसतं. सोडत पक्षपात टाळण्यासाठी आहे, हे मला कळतं. पण पक्षपात टाळायला गल्ली मोडावी लागत नाही. सहा-सात घरांचा गट धरून एकच चिठ्ठी काढता येते. गटाला मजला मिळेल, मजल्यावर कोण कुठे ते गट ठरवेल. आमच्या सभेत मी हे मांडलं तेव्हा मामूंचा मोठा मुलगा उठून म्हणाला, ‘‘हमारा नाम इनके साथ लिखो.’’ त्याच्यामागून अक्कांची सून उठली.

अशा सभा मुंबईत अनेक डोंगरांवर चालू असतील. तुमच्याही चालू असतील तर कागदावर सही करण्याआधी गटाची सोडत मागा. लेखी मागा आणि पोच घ्या.