निरीक्षकाचे मौन

दरोडेखोरांच्या भयाने वनात लपलेल्या निरपराध माणसांचा ठाव त्या दरोडेखोरांनीच विचारला असता सत्यव्रताच्या अभिमानाने जो सांगून टाकतो आणि त्या पापाने नरकास जातो, त्या कौशिकाची कथा महाभारताच्या कर्णपर्वात आहे. आणि लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात सत्यधर्माच्या अशाच अपवादांचा ऊहापोह केला आहे. कारखाना निरीक्षकाच्या नोकरीत सत्य सांगावे की राखावे हा प्रश्न नित्याचा असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या ज्या ८१ क्रमांकाच्या कराराला भारताने १९४९ साली मान्यता दिली, त्याने निरीक्षकाला पूर्वसूचनेवाचून, दिवसा वा रात्री, कारखान्यात शिरण्याचा, हजेरीपट व दप्तर पाहण्याचा आणि कामगाराचा जबाब एकांतात घेण्याचा अधिकार दिला. परंतु तक्रारदाराचे नाव तर राहोच, आपण तक्रारीवरून आलो एवढेही मालकास कळू देऊ नये, असे बंधनही त्याच कराराने घातले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ११८-अ हे कलम १९८७ साली घालण्यात आले, तेही याच आशयाचे होते. तक्रारदाराची संमती असेल तेवढाच अपवाद होता.

‘साहेब, कोणाचा अर्ज आला होता काय?’ असे मालकाने विचारले, तर गप्प राहणारा निरीक्षक असत्याचरण करतो काय? मला तसे वाटत नाही. सत्य सांगण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्याच्या अधिकाराशी निगडित असते, आणि ज्याला ते नाव केवळ कामगाराला कामावरून काढण्यासाठी हवे आहे, त्याचा त्या सत्यावर कसलाच हक्क पोहोचत नाही.

मात्र नुसती जीभ आवरल्याने हे मौन पाळले जात नाही. जो निरीक्षक अर्ज आल्यावाचून कधी फिरकतच नाही, त्याचे येणेच चुगली करते. पंधरावीस माणसांच्या कारखान्यात जादा कामाची मजुरी काल कोणी मागितली, हे मुकादमाला पक्के ठाऊक असते. म्हणूनच तपासणी वारंवार व कसून व्हावी असे जे करार सांगतो, त्यात मला व्यवस्थेहून अधिक नीतीच दिसते, कारण अनेक निष्कारण भेटींच्या आडोशालाच ती एक सकारण भेट सुरक्षित राहते.

आणि जे मालकापासून राखले ते लोकांपासूनही राखावे असे नाही. तपासण्या किती झाल्या, गुन्हे व शिक्षा किती, अपघात आणि व्यवसायजन्य रोग किती, याचा वार्षिक अहवाल वर्ष संपल्यापासून कोणत्याही परिस्थितीत बारा महिन्यांच्या आत प्रसिद्ध झाला पाहिजे, असे तोच करार फर्मावतो. असा अहवाल जेथे निघतच नाही, तेथे निरीक्षकाचे मौन तक्रारदाराला वाचवीत आहे की गुन्हेगाराला, हे पारखण्याचे साधन लोकांच्या हाती उरत नाही.