सुटका कशापासून?

नागपुरात राहून ख्रिस्ती तारणाचा विचार करू पाहणाऱ्याला एका आक्षेपाला सामोरे गेल्यावाचून पुढे जाता येत नाही. कारण ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे निःसंदिग्धपणे प्रतिपादून, आपली मुक्ती दुसऱ्या कोणी मिळवून द्यावी या अपेक्षेवरच घाव घातला आहे. ख्रिस्त तर तारणारा म्हणूनच भजला जातो. तो घाव त्याच्यापर्यंत पोहोचतो काय, या प्रश्नाने माझा पुष्कळ काळ पिच्छा पुरवला आणि अखेरीस मला पहिल्या चार-पाच शतकांतील ख्रिस्ती लेखकांच्या दाराशी नेऊन उभे केले.

तारणाचे जे चित्र आपल्याकडे सर्वश्रुत आहे ते कचेरीतले आहे : मनुष्य गुन्हेगार, ईश्वर न्यायाधीश, शिक्षा अटळ, आणि निरपराध पुत्राने ती भोगल्यामुळे आरोपीची सुटका. पौलाच्या पत्रांत या भाषेची बीजे आहेत हे खरे. परंतु ईश्वराच्या मानाचे मनुष्याकडे थकलेले ऋण या कल्पनेवर पद्धतशीर सिद्धांत उभारला तो अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्मने, आणि त्याला फौजदारी वळण दिले ते सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी. ३२५ साली निकीया येथे भरलेल्या परिषदेने ख्रिस्त आपल्या तारणासाठी उतरून आला एवढेच आपल्या मतांगीकारात नमूद केले. हे तारण नेमके कसे घडते याविषयी हुकूम काढला नाही. हे मौन मला त्या परिषदेच्या शब्दांइतकेच मोलाचे वाटते.

त्या मौनात तर्काला मोकळे रान होते. मनुष्य सैतानाच्या कैदेत आहे आणि ख्रिस्ताचे प्राण ही त्याच्या सुटकेची खंडणी होय, असे तिसऱ्या शतकात ओरिजेनने सुचवले; त्यावर पुढच्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने सरळ विचारले की ही खंडणी घेतली कोणी? लुटारूच्या पदरात ती पडावी हे लाजिरवाणे, आणि पित्याला द्यावी तर आपण त्याचे कैदी कधी होतो? अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने हा देण्याघेण्याचा हिशोब फारसा मांडलाच नाही. त्याच्या मते मानवी प्रकृतीत क्षय शिरला आहे. अपराधाला पश्चात्ताप पुरला असता, पण मरणाला तो पुरत नाही, म्हणून ज्याने जीवन दिले त्यानेच देह धारण करून तो क्षय आतून नाहीसा करावयास हवा होता.

रोमच्या भूमिगत दफनस्थळांतील भित्तिचित्रे हेच सांगतात. सागरी श्वापदाच्या पोटातून सुटलेला योना, सिंहांमध्ये हात पसरून प्रार्थना करणारा दानीएल, थडग्याच्या दारात कफनात गुंडाळलेला लाजर. क्रुसावरचा ख्रिस्त मात्र तेथे जवळजवळ दिसत नाही. देहापासून सुटका मागणाऱ्या आपल्या वेदान्ताला हे विलक्षण वाटेल, कारण या लोकांना देहासकट सुटावयाचे होते.

आणि मार्गाचे काय? ‘डिडाखे’ ही अतिप्राचीन ख्रिस्ती पोथी आरंभीच जीवनाचा व मरणाचा असे दोन मार्ग समोर ठेवते. चौथ्या शतकात यरुशलेमेत बाप्तिस्म्याला आलेला मनुष्य प्रथम पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून, सैतानाचा त्याग उच्चारी आणि मगच पूर्वेकडे वळून श्रद्धेची कबुली देई. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा आरंभही नकारानेच होतो. दोहोंचा आशय सर्वस्वी भिन्न असला, तरी जुन्या सत्तेचे जू स्वतःच्या मुखाने झुगारल्यावाचून नव्या जीवनात पाऊल पडत नाही, हे दोन्ही ठिकाणी ओळखलेले आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळकही, नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार वाचता वाचता खिळून राहिले ते डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे मार्गापाशीच.

तेव्हा बाबासाहेबांचा आक्षेप कचेरीतल्या चित्राला पुरता लागू पडतो, असे माझे मत झाले आहे. अथानासियसला तो त्याच जोराने लागत नाही, तरी सुटतही नाही, कारण मार्ग दिसूनही चालण्याचे बळ कोठून यावे हा प्रश्न उरतोच. खुद्द चर्चमध्ये तो पेलाजियसने उपस्थित केला : ईश्वराने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याचे सामर्थ्यही मनुष्यात असलेच पाहिजे. ऑगस्टीनने त्याचा कसून प्रतिवाद केला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत निषिद्ध ठरवले. कृपेवाचून मनुष्य उठत नाही हे ऑगस्टीनचे म्हणणे मला पटते, कारण स्वतःच्या दुबळेपणाची साक्ष मी नाकारू शकत नाही. परंतु कृपेच्या सबबीवर अन्याय सहन करणारा समाज मी याच शहरात पाहिला आहे, म्हणून पेलाजियसला दिलेला तो निकाल मला आजही अपुऱ्या चौकशीचा वाटतो.